डॅशबोर्डवरचा पिवळा दिवा आणि आपण

मंडळी, आमच्या महाड-पोलादपूर पट्ट्यातल्या गाडीवाल्यांच्या तोंडी एक वाक्य फार आहे. "दिवा लागलाय, घालवून दे." घालवून दे! जणू भिंतीवरची पालच. दिवा का लागला, हे विचारणारा माणूस दहात एखादाच भेटतो. इंजिनाचं चित्र असलेला तो पिवळा दिवा डॅशबोर्डवर दिसला की बाकीचे नऊ जण तीनपैकी एक काहीतरी करतात. कुणी त्याच्यावर काळी चिकटपट्टी लावतो, कुणी गॅरेजात जाऊन पाच मिनिटांत तो पुसून आणतो, आणि कुणी घाबरून समोरचा सांगेल तो महागडा पार्ट बदलून मोकळा होतो. या तिन्ही प्रकारांवर माझा राग आहे आणि तो आज इथे काढणार आहे.

"बाई, तुमचा विषय मराठी. तुम्ही इंजिनात कशाला शिरता?" असं मला विचारलं जातं. विचारणाऱ्यांत माझे जुने विद्यार्थीही असतात, त्यांतले दोघे-तिघे आज हायवेवर गॅरेज चालवतात. त्यांना माझं उत्तर एवढंच, की बाबांनो, हा प्रश्न वाचनाचा आहे. गाडीने काहीतरी लिहून ठेवलंय आणि आपण ते न वाचताच पुसतोय. तीसेक वर्षं वह्या तपासण्यात गेली माझी. वहीतला लाल शेरा घरी दिसू नये म्हणून खोडरबराने पान फाटेस्तोवर घासणारी मुलं मी पाहिली आहेत. शेरा गेला म्हणून त्यांचं शुद्धलेखन सुधारल्याचं मला आठवत नाही.

तर आधी साधी ओळख करून घेऊ. डॅशबोर्डवरच्या दिव्यांना रंग असतो आणि त्या रंगाला अर्थ असतो. हिरवा-निळा म्हणजे नुसती माहिती. पिवळा म्हणजे लवकर लक्ष द्या. लाल म्हणजे सुरक्षित जागा बघून थांबा. ऑइलच्या दाबाचा लाल दिवा चालत्या गाडीत लागला तर "पुढच्या गावात बघू" हा विचारच करायचा नाही. दाबच नसेल तर आतले भाग काही मिनिटांत एकमेकांना खाऊन टाकतात. तापमानाचा लाल दिवा लागला तर गाडी बाजूला घ्यायची आणि इंजिन पूर्ण गार होईस्तोवर रेडिएटरच्या झाकणाला हात लावायचा नाही. पोलादपूरहून महाबळेश्वरकडे आंबेनळी घाट चढताना भर उन्हाळ्यात, भरलेल्या गाडीत हा दिवा लागणं काही नवलाचं नाही. चालकाने तो बघून न बघितल्यासारखं करणं, हे मात्र मला नवल वाटतं. मागे पंधरा माणसं बसलेली असतात हो!

लाल दिव्याला निदान भीती तरी आहे. पिवळ्याला कुणी विचारत नाही. "गाडी चालतेय ना?" या एका प्रश्नावर सगळी चर्चा संपते.

पूर्वी हा प्रश्नच नव्हता, हे खरं. आकुर्डीच्या बजाज टेम्पोची मॅटाडोर ज्यांनी चालवली त्यांना आठवत असेल, डिझेल इंजिनात बिघाड झाला की तो आवाजातून, धुरातून, वासातून कळायचा. काळा धूर, पांढरा धूर, निळा धूर यांवरून मिस्त्री अर्धं निदान करायचे. त्या मॅटाडोरचा जमाना गेला, बजाज टेम्पोचं नावही २००५ मध्ये फोर्स मोटर्स झालं. मग देशभर १ एप्रिल २०१७ पासून बीएस-चार आणि १ एप्रिल २०२० पासून बीएस-सहा नियम लागू झाले. आता डिझेल किती, केव्हा आणि कितीदा फवारायचं हे संगणक ठरवतो. धुरातली काजळी अडवायला गाळणी आहे, विषारी वायू कमी करायला वेगळी यंत्रणा आहे आणि या सगळ्यावर डझनावारी सेन्सर पहारा देतात. पहारेकऱ्याला काही वावगं दिसलं की तो संगणकाकडे तक्रार नोंदवतो आणि संगणक तो पिवळा दिवा लावतो. तक्रारीला एक क्रमांक असतो. त्यालाच कोड म्हणतात.

हा कोड म्हणजे काही गूढ मंत्र नव्हे. पुढे एक अक्षर आणि मागे चार स्थानं. 'पी' अक्षर असेल तर तक्रार इंजिन किंवा गिअरबॉक्सची. 'सी' असेल तर ब्रेक-स्टिअरिंगकडची, 'बी' असेल तर बॉडीची आणि 'यू' असेल तर गाडीतल्या संगणकांच्या आपसांतल्या बोलण्याची. 'पी'नंतर शून्य असेल तर तो कोड सगळ्या कंपन्यांना समान, एक असेल तर त्या कंपनीचा खाजगी. पी ०४०१ म्हणजे धुराचा जो भाग परत इंजिनात फिरवला जातो तो कमी पडतोय. पी २४६३ म्हणजे गाळणीत काजळी साचली. पी ००८७ म्हणजे इंजेक्टरकडे जाणाऱ्या डिझेलचा दाब कमी आहे. सातवीतल्या पोराला अर्ध्या तासात समजेल असं हे प्रकरण आहे. ते आपल्यापासून लपून का राहिलं, याचा विचार करा.

आता माझ्या मुख्य मुद्द्यावर येते. कोड म्हणजे निदान नव्हे, ती तक्रार आहे. मुलगा नापास झाला एवढंच प्रगतिपुस्तक सांगतं. त्याला फळा दिसत नव्हता, की घरी भांडणं होती, की मास्तरांचंच शिकवणं कच्चं होतं, ते शोधावं लागतं. दाब कमी असल्याचा पी ००८७ घ्या. कारण डिझेल फिल्टर तुंबलेला असू शकतं, पायपात हवा शिरत असू शकते, टाकीत पाणी असू शकतं, एखादा इंजेक्टर गळत असू शकतो, मोठा पंप खरंच गेलेला असू शकतो, किंवा दाब मोजणारा सेन्सरच खोटं बोलत असू शकतो. यांतली पहिली तीन कारणं स्वस्तातली आहेत आणि शेवटी मोठ्या पंपाचं नाव घेतलं की घरातलं सोनं आठवतं. शहाण्या माणसाने स्वस्ताकडून महागाकडे जावं. आपल्याकडे उलटं चालतं.

माझ्या भाच्याचंच उदाहरण सांगते. त्याने एक जुनी डिझेल व्हॅन घेऊन तिचं फिरतं घर केलं आहे. आत दोन बिछाने, छोटी शेगडी, पाण्याची टाकी, फ्रिज, पंखे. महाराष्ट्र सरकारने २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणल्यापासून अशा गाड्यांचं कौतुक वाढलंय. रायगड, शिवथरघळ, उमरठ असं पाहुण्यांना फिरवावं, हा त्याचा बेत. गाडीला पोलादपूरजवळ पिवळा दिवा लागला आणि चढावर दम लागू लागला. पहिल्या गॅरेजवाल्याने "मावशी, काही नसतं ते" म्हणून चिकटपट्टी काढली. दुसऱ्याने स्कॅनर लावून दिवा पुसला, पैसे घेतले. दिवा तिसऱ्या दिवशी परत हजर. तिसऱ्याने गाडीचं बोनेटही न उघडता नवा पंप सांगितला. चौथा भेटला त्याने आधी विचारलं, "कधी लागतो? चढावर की सपाटीला? टाकी भरलेली असताना की रिकामी?" मग फिल्टर सोडला, त्यातून चहाच्या कपभर गढूळ पाणी निघालं. एका पायपाची क्लिप सैल होती, तिथून हवा ओढली जात होती. फिल्टर आणि क्लिप बदलली, टाकी साफ केली, संपलं. तो मिस्त्री बारावीही झालेला नाही. पण प्रश्न विचारायला तो कुठेतरी शिकला होता, आणि सगळं शिक्षण त्यातच असतं.

फिरत्या घराची गोष्ट निघालीच आहे तर एक भानगड सांगून ठेवते, कारण आता इकडे अशा गाड्या वाढू लागल्या आहेत. फ्रिज, पंखे, इन्व्हर्टर हे सगळं हौसेने थेट इंजिनाच्या बॅटरीला जोडतात. रात्रभर पंखा चालला की सकाळी बॅटरी अर्धमेली. अशा बॅटरीवर गाडी चालू केली की संगणकांना पुरेसा दाब मिळत नाही आणि ते एकदम चार-पाच दिवे लावतात. इंजिन, ब्रेक, स्टिअरिंग, सगळंच बिघडलं असं वाटून माणूस हादरतो. एकाच वेळी अनेक दिवे लागले तर आधी बॅटरी, तिची टर्मिनलं आणि अर्थिंगची वायर बघायची. घरासाठीची बॅटरी वेगळी ठेवायची, हे तर उघडच आहे. शिवाय आतल्या सामानाचं वजन इंजिनालाच ओढावं लागतं आणि गाडीत असा मोठा बदल आरटीओच्या मंजुरीशिवाय करता येत नाही, हेही ध्यानात असू द्या.

आणि आमच्या महाडला तर पुराचं एक वेगळं दुखणं आहे. २२ जुलै २०२१ ला सावित्रीचं पाणी बाजारपेठेत शिरलं, तेव्हा कितीतरी गाड्या पाण्याखाली होत्या. अशा गाडीची गादी वाळवता येते, रंग मारता येतो, पण वायरींच्या जोडांत शिरलेला ओलावा आत हिरवट गंज धरतो आणि महिन्या-वर्षांनी भलतेच दिवे लावत बसतो. ती गाडी तोवर चकचकीत होऊन तिसऱ्याच गावी विकलेली असते. म्हणून जुनी गाडी घेणाऱ्याने एक सोपी परीक्षा घ्यावी. इंजिन सुरू न करता नुसती किल्ली फिरवावी. इशाऱ्याचे दिवे लागले पाहिजेत आणि इंजिन सुरू झाल्यावर विझले पाहिजेत. इंजिनाचा दिवा मुळात लागलाच नाही, तर खुशाल समजा की कुणीतरी त्याचा गळा दाबलाय.

आता दिवा पुसणाऱ्यांकडे वळते. लोकांना वाटतं, पुसला तर पुसला, काय बिघडलं? बिघडतं ते असं. कोड नोंदवताना संगणक त्या क्षणाची एक नोंदही ठेवतो: इंजिन किती फेऱ्यांवर होतं, किती तापलं होतं, गाडीचा वेग किती होता, भार किती होता. म्हणजे अपघाताच्या जागेचा पंचनामाच म्हणा. कोड पुसला की सहसा हा पंचनामाही जातो. पुढच्या प्रामाणिक मिस्त्रीला जो एकमेव साक्षीदार मिळाला असता, तो आपण स्वतःच्या पैशाने नाहीसा केलेला असतो! दोष तिथेच असतो आणि काही फेऱ्यांनी दिवा पुन्हा लागतो. मधल्या काळात गाळणी आणखी तुंबते, टर्बो आणखी तापतो, आणि एक दिवस घाटाच्या मध्यावर संगणक स्वतःहून ताकद कापतो. तिथे मागून ट्रक येत असतो.

काजळीच्या गाळणीचं तर आपल्याकडे पार गाढव झालंय. ही गाळणी स्वतःला साफ करते, पण त्यासाठी आतलं तापमान पाचशे-सहाशे अंशांवर जावं लागतं. गावातल्या गावात, थांबत थांबत, बाजार ते स्टँड फिरणाऱ्या गाडीत ते कधीच होत नाही. गाळणीचा पिवळा दिवा लागला आणि दुसरा कुठला लाल दिवा नसेल, तर बऱ्याच गाड्यांना पंधरा-वीस मिनिटं एकसारख्या वेगाने हायवेवर चालवणं एवढंच पुरतं; आपल्या गाडीच्या पुस्तकात ते लिहिलेलं असतं. फुकटचा उपाय! पण तो न सांगता गाळणीच कापून काढणारे आहेत, वर संगणकाला खोटं शिकवून दिवा कायमचा बंद करणारे आहेत. हे कायद्यात बसत नाही, हा एक भाग. तो धूर शाळेच्या फाटकासमोर आपल्याच नातवंडांच्या नाकात जातो, हा दुसरा.

तशीच गत डीईएफची. ज्या गाड्यांना ते लागतं, त्यांत ३२.५ टक्के शुद्ध युरिया आणि बाकी क्षाररहित पाणी असतं. इकडे घराघरांत भातासाठी युरियाची गोणी असते. "तेच ना ते?" म्हणून बादलीत कालवून टाकीत ओतणारे महाभाग आहेत. अहो, शेतातल्या युरियाला कडुनिंबाच्या तेलाचं आवरण असतं, त्यात इतर अशुद्धी असतात आणि आपल्या विहिरीच्या पाण्यात क्षार असतात. पिकाला ते चालतं. त्या यंत्रणेची बारीक तोंडं त्याने चोंदतात आणि मग दिवा लागला की शिव्या गाडीला!

एवढं झोडपल्यावर गॅरेजवाल्यांची बाजू मांडली नाही तर तो अन्याय होईल. त्यांचं म्हणणं मी ऐकलंय. "बाई, दोन तास डोकं लावून सैल क्लिप शोधली तर गिऱ्हाईक क्लिपचे पैसे देतं, दोन तासांचे देत नाही. नवा पार्ट घातला की मुकाट पैसे काढतं." यात खोटं काय आहे? डॉक्टरने नुसतं तपासून "औषधाची गरज नाही" म्हटलं की आपल्याला फी जड जाते. तपासणीला मोल द्यायचं नाही आणि वस्तूला द्यायचं, ही सवय आपली आहे. तिनेच पार्ट बदलणारे मिस्त्री वाढवले आणि शोधणारे उपाशी ठेवले. मिस्त्रीला नावं ठेवण्याआधी आपण निदानाचे वेगळे पैसे द्यायला तयार आहोत का, हे प्रत्येकाने आपल्या खिशाला विचारावं.

दुसरी तक्रार त्यांची कंपन्यांबद्दल आहे आणि तिथे मी पूर्ण त्यांच्या बाजूने उभी आहे. समान कोड कुठेही वाचता येतात, पण कंपनीच्या खाजगी कोडांचा अर्थ, वायरिंगचे नकाशे, तपासणीची यंत्रं बाहेरच्या मिस्त्रीला सहज मिळत नाहीत. हे रडगाणं एकट्या आमच्या तालुक्याचं नाही. ऑगस्ट २०१४ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने चौदा मोटार कंपन्यांना याच मुद्द्यावर मिळून २५४४ कोटींहून अधिक दंड ठोठावला होता. सुटे भाग, निदानाची साधनं आणि तांत्रिक माहिती खुल्या बाजारात मिळू द्या, असं आयोगाने बजावलं. प्रकरण पुढे अपिलात गेलं, पण मूळ मुद्दा तिथेच उभा आहे. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ मध्ये 'दुरुस्तीच्या हक्का'साठी समिती नेमली आणि त्याच वर्षअखेर त्याचं पोर्टलही सुरू केलं. त्यात मोटारगाड्यांचं क्षेत्रही आहे. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात तर २०१२ मध्ये लोकांनी थेट मतदान करून हा हक्क मिळवला. आणि आम्ही काय करतो? चिकटपट्टी लावतो.

माझी कंपन्यांकडे एक मागणी आहे. गाडी महाराष्ट्रात विकता ना? मग दिव्यांचा अर्थ सांगणारी चार पानं मराठीत द्या. जाहिरात मराठीत, कर्जाचा फॉर्म भरायला मराठी बोलणारा पोरगा, आणि "लाल दिवा लागला तर थांबा" हे मात्र इंग्रजीत! पोलादपूरच्या वाडीतल्या चालकाने ते पुस्तक उघडलं नाही, याचा दोष त्याच्या एकट्याच्या माथी मारता येणार नाही.

तोवर आपल्या हातात जे आहे ते करू या. दिवा लागला की रंग, वेळ, चढ की उतार, गाडीत भार किती, हे कागदावर टिपा. गॅरेजात गेल्यावर "कोड लिहून द्या" म्हणा. स्कॅनरच्या पडद्याचा फोटो काढा आणि त्याआधी काही पुसू देऊ नका. पार्ट बदलायचा म्हणाले तर "कोणती तपासणी करून हे ठरवलं?" एवढंच विचारा. तपासणीचे पैसे आनंदाने द्या. बिलावर आधीचा कोड आणि दुरुस्तीनंतरची स्थिती, दोन्ही लिहून घ्या. फोनला जोडता येणारं छोटं यंत्र बाजारात मिळतं, डॅशबोर्डखालच्या सोळा पिनांच्या सॉकेटात ते बसतं. बऱ्याच छोट्या गाड्यांच्या इंजिनाचे समान कोड त्यावर वाचता येतात. रिक्षा-टेम्पो संघटनांनी एकेक घेऊन ठेवलं तरी स्टँडवरच्या सगळ्यांची सोय होईल.

"एवढ्याशा दिव्यासाठी केवढा आरडाओरडा," असं कुणी म्हणेल. म्हणू दे. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री सावित्रीवरचा ब्रिटिशांच्या काळातला पूल पुरात वाहून गेला आणि त्याच्याबरोबर एसटीच्या दोन गाड्या माणसांसकट गेल्या. ती रात्र महाडमध्ये कुणी विसरलेलं नाही. त्या पुलावर कुठलाच दिवा नव्हता. अंधारात येणाऱ्या चालकांना पुढे रस्ता उरलेला नाही हे सांगणारं कुणी नव्हतं. इथे तर गाडी स्वतः सांगतेय, आणि रोज सांगतेय.

असो. पावसाळा तोंडावर आहे. घाटात जाण्याआधी किल्ली फिरवून दिवे बघून घ्या, आणि एखादा राहिलाच पेटलेला, तर त्याचा कोड लिहून घ्या.